हवालदार आण्णाप्पाचा बडी

आमच्या गावात लग्न कुणाचंही असो, आण्णाप्पा बिर्जेला भेटायचं असेल तर मांडवात जाऊ नका. मांडवामागं आचाऱ्यानं चुली मांडलेल्या असतात, तिथं जा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर वळवलेल्या मिश्या, हातात भलंमोठं उलथनं आणि समोर भाताचा हंडा. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळं गाव अक्षता मुठीत घेऊन उभं राहिलं, की हा माणूस "भात करपंल!" म्हणून मागं पळालाच समजा. त्यामुळं आमच्या गावच्या लग्नात कित्येक वर्षं भात करपला नव्हता. पार निपाणीकडच्या पाहुण्यांत आमच्या पंगतीचं नाव आहे.

मी नागेंद्र घाडी. नोकरी बेळगावच्या फायर ब्रिगेडमध्ये, राहायला खानापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात, आणि आण्णाप्पाच्या घराला माझी भिंत लागून. तो मला नाग्या म्हणतो, मी त्याला आण्णा. स्वभावानं मी तापट. दुसऱ्यांच्या आगी विझवतो आणि घरी येऊन स्वतः पेटतो, असं माझी बायको चारचौघांत सांगते. तिचं काही फार चुकत नाही. पण आण्णापुढं माझा आवाज चढत नाही. त्या माणसावर चिडावं असं काही त्याच्यात नाहीच.

अठराव्या वर्षी तो सैन्यात भरतीला गेला तो पळतच गेला. सकाळची गाडी चुकली म्हणून गावातून थेट बेळगावच्या कॅम्पापर्यंत पळाला. तिथं साहेबांनी सगळ्या पोरांबरोबर पुन्हा पळायला लावलं, तर तिथंही पुढं. "येताना नुसतं अंग मोकळं झालतं," असं अजून मिशीवर हात फिरवत सांगतो. पुढं बरीच वर्षं देशभर फिरला आणि हवालदार होऊन परत आला. येताना निम्मी पलटण घरात घेऊन आला म्हणा ना. पांघरुणांच्या घड्यांचे कोपरे जुळलेच पाहिजेत. भाताच्या वाफ्यांचे बांध दोरी लावल्यासारखे सरळ. गोठ्यातल्या दोन म्हशी एका ओळीत उभ्या राहिल्या पाहिजेत, एखादी तिरकी झाली तर ह्याला चहा गोड लागत नाही. त्याची बायको मालुबाई, म्हणजे आमची वैनी, म्हणते, "ह्या घरात मी एकटीच राहिले. बाकी म्हशीसकट सगळी भरती झाली."

आमच्या गावात निवृत्त फौजी पुष्कळ. सकाळी डेअरीला दूध घालून झालं की सगळे डेअरीच्या कट्ट्यावर जमतात, आणि तिथं आण्णा सिनिअर. चहा कोणी सांगायचा इथपासून सरकारनं काय करावं इथपर्यंत सगळ्याचा शेवटचा शब्द त्याचा.

गेल्या दिवाळीनंतर ह्या कट्ट्यावर ते ॲप आलं.

बेळगावातल्या एका छोट्या कंपनीनं मोबाइलवरचं एक ॲप तयार केलं होतं. नाव 'निवांत'. माजी सैनिक, फायर ब्रिगेडवाले, अँब्युलन्सवाले, म्हणजे ज्यांनी नोकरीत नको ते पाहिलेलं असतं, त्यांची झोप, धास्ती, चिडचिड कमी व्हावी म्हणून. बाजारात आणायच्या आधी ते खऱ्या माणसांवर तपासून बघायचं होतं. त्यासाठी ब्राह्मी मगदूम नावाची मुलगी आली. मूळची सदलग्याची, मानसशास्त्र शिकलेली, बोलायला एकदम मोकळी. कानडीतून सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवायची आणि मध्ये श्वास घ्यायची नाही. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात तिनं सगळ्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं. काम सोपं होतं. रोज सकाळी ॲप विचारणार, 'आज आपणास कसे वाटत आहे?' खाली पाच चेहरे, खदखदा हसणाऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत. आपला असेल त्यावर बोट ठेवायचं. मग ॲप त्याप्रमाणं श्वासाचे व्यायाम देणार, झोपेचं सांगणार, गरज पडली तर ब्राह्मी स्वतः फोन करणार.

ब्राह्मीची गाडी वळली आणि आण्णानं कट्ट्यावर सगळ्यांना गोळा केलं.

"नीट ऐका. ह्येचा रिपोर्ट वर जाणार. गावाचं नाव जाणार. एक जरी रडका निघाला तर सगळ्यांचं नाक कापलं जाईल. काय दाबायचं?"

"हसरा!" सगळे एका सुरात.

"पयला का दुसरा?"

"पयला, साब!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून डेअरीपुढं रोज ओळ लावून फॉलिन. दुधाची किटली उजव्या पायाशी, फोन डाव्या हातात. आण्णा ओळीपुढून एक फेरी मारायचा आणि हुकूम सोडायचा, "निवांत... दाब!" की सगळ्यांची बोटं एकदम खाली. मग "सब ठीक?" "सब ठीक, साब!" आणि विश्राम. निवृत्त नायक शामूचा फोन एकदा चार्ज नव्हता, तर त्याला दुसऱ्या दिवशी दोनदा हसरा चेहरा दाबायला लावला. मी बांधाला टेकून हे बघायचो आणि पोट धरून हसायचो. ताठ उभं राहून निवांत व्हायचं हे जगात फक्त आमच्याच गावात जमत असेल.

मी त्या ओळीत नव्हतो. माझी ड्यूटी वेगळी, हुकूमही वेगळा. मी जे होतं ते दाबलं, मधला आंबट चेहरा. मागं वडगावात एका घरातल्या यंत्रमागांना आग लागली होती. सुताचे ढीग, आत माणसं. माणसं वाचली, पण जळक्याचा वास तेव्हापासून माझ्या नाकात बसला तो बसला. घरात दूध जरी लागलं तरी मी ताटावरून उठतो आणि बायकोवर ओरडतो. हे मी ॲपला सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं, ॲपला सांगितलं. आता काय म्हणायचं ते म्हणा.

ॲपनं मला लगेच कामाला लावलं. एका बाईचा आवाज यायचा, श्वास घ्या, धरा, सोडा, थांबा. पहिल्या दिवशी मला त्या बाईचाच राग आला. आठवड्याभरात तिची सवय झाली.

आणि एका संध्याकाळी आण्णा भिंतीवरून डोकावला. "नाग्या, तुझ्या फोनातली बाई काय सांगती रं?"

"तुमच्याकडं न्हाय व्हय ती?"

आण्णानं आपला फोन दाखवला. पडद्यावर मोठं हिरवं फूल आणि खाली ओळ, 'अभिनंदन! आपण उत्तम आहात. पुढच्या महिन्यात भेटू.' बाकी सगळ्याला कुलूप. जो रोज खदखदा हसतो त्याला व्यायाम कशाला द्यायचा, असा ॲपचा साधा हिशेब. आमच्या गावचे सगळे फौजी त्या हिशेबात उत्तम निघाले होते आणि सगळ्यांना कुलूप लागलं होतं.

"तुमीच हुकूम सोडला," मी म्हणालो.

"सोडला खरा," आण्णा म्हणाला. "तू फोन घिऊन गोठ्यात ये. कुणाला सांगू नको."

गव्हाणीच्या कडेला फोन ठेवून आम्ही बसलो. बाई म्हणाली, श्वास घ्या. आण्णानं घेतला. बाई म्हणाली, धरा. आण्णानं छाती फुगवून असा धरला की शर्टाचं बटण ताणलं. बाई म्हणाली, हळूच सोडा. त्याच्याआधी म्हशीनंच फूऽऽ करून सोडला. "बघ, हिला माझ्याआधी जमलं," आण्णा म्हणाला आणि आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

हसता हसताच तो बोलला. मला वाटतं, हसत नसता तर बोलला नसता.

वर काश्मीरकडं असताना रस्त्यावर त्यांच्या पुढची गाडी स्फोटात उडाली होती. आण्णा मागच्या गाडीत. पुढच्या गाडीत त्याचा बडी होता. बडी म्हणजे पलटणीतला जोडीदार. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं जागायचं. एकाच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्यानं प्यायचं. एकाला काही झालं तर दुसऱ्यानं सांगायचं. "त्येच्यानंतर मी बडी केलाच न्हाय," आण्णा म्हणाला. आणि तेव्हापासून फटाक्याचा आवाज. दिवाळीत तो लांबच्या शेतात राखणीला जाऊन बसतो, तिथं राखायला काही नसतं तरी. लग्नात अक्षता पडताना दाराशी माळ लागते, म्हणून तो भाताकडं पळतो. मागं चुलींचा, भांड्यांचा आवाज मोठा असतो ना, त्यात बाहेरचं कमी ऐकू येतं. इतकी वर्षं आम्ही ज्याला भाताची काळजी समजत होतो, ते हे होतं.

"आता सौम्याचं लगीन हाय," तो म्हणाला.

सौम्या त्याची एकुलती एक. बेळगावात बँकेत नोकरीला. निपाणीच्या आदर्शशी तिचं ठरलं होतं, माघातली तारीख. पोरगी हसत हसत बापाला म्हणाली होती, "पप्पा, माझ्या लग्नात तरी भाताकडं जाऊ नका. मला तुमच्या हातच्या अक्षता पाहिजेत." बापानं काय उत्तर दिलं असेल? "सब ठीक."

"नाग्या, मला तिच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या हायत रं. म्होरं उभा ऱ्हाऊन. उलथनं हातात न्हाय." असं म्हणून तो उठला आणि उगीचच म्हशीला ओळीत उभी करायला लागला. मी बाईला सांगितलं, चला, परत पहिल्यापासून.

महिन्याभरानं ब्राह्मी परत आली. सभामंडपात सगळे बसले, बायकांनी चहा आणि चिरमुऱ्याचा चिवडा आणला होता. ब्राह्मी म्हणाली, "तुमच्या गावात सगळे इतके सुखी आहेत की आमच्या साहेबांना इथंच जागा घेऊन घर बांधायचं आहे. रोज, एकाच मिनिटाला, सगळे खदखदा हसत आहेत. मला जरा सांगा, खाता काय तुम्ही?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शामू खोकला. फक्त आण्णा ताठ. "सब ठीक हाय, म्याडम."

मला वाटलं, आता ही पोरगी रागावणार. मी रागावलो असतो. पण ती हसली, चिरमुऱ्यांचा एक बकाणा भरला, जरा वेळ विचार केला आणि शामूला विचारलं, "काका, पलटणीत कुणाची तब्येत बिघडली, कोण जेवंना झालं, तर साहेबांना कोण सांगायचं? तो स्वतः?"

"छे! स्वतः कोण सांगतंय? त्येचा बडी सांगायचा."

"मग चूक आमचीच की," ब्राह्मी म्हणाली. "आम्ही प्रश्नच भलत्या माणसाला विचारला."

तिनं तिथल्या तिथं बेळगावला फोन लावला, कानडीत दोन-तीन खटके उडवले, आणि जानेवारी लागायच्या आत आमच्या फोनांवर नवीन 'निवांत' आलं. आता प्रश्न वेगळा होता. 'आज तुमचा बडी कसा आहे?' त्यासाठी पुन्हा सभामंडपात बैठक झाली, जोड्या लावायला. फौजींच्या जोड्या पटापट लागल्या. शामूनं मला घेतलं. "फायरवाला एकटा हाय, आन् शेजारचं घर हाय, जेवाय बोलवील," म्हणाला. सगळ्यांच्या झाल्या. उरला आण्णा.

"मी सिनिअर हाय," तो म्हणाला. "मी सगळ्यांवर नजर ठेवतो. मला बडी नको."

चहाचे पेले गोळा करत असलेली मालुवैनी तिथंच थांबली. ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले. "ह्यांची बडी मी हाय," म्हणाली. "घाला माझ्या फोनात."

ब्राह्मीनं वैनीच्या तडा गेलेल्या फोनवर ॲप घातलं. पाच चेहरे आले. वैनीनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, शेवटून दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"मालू!" आण्णा म्हणाला.

"मालू काय? खरं त्येच दाबलं. झोपत न्हाईत. दिवाळीत शेतात जाऊन बसत्यात. लग्नात भाताकडं पळत्यात. मला कळत न्हाय व्हय? तुमी सांगितलं न्हाय म्हणून मी इचारलं न्हाय. आज इचारलंय, म्हणून सांगितलं."

मला आण्णाकडं बघवेना. आणि मग शामूनं, आमच्या त्या बारक्या, सदा खोकणाऱ्या शामूनं हात वर केला. "साब, मीबी दिवाळीत कानात कापूस घालतो." पलीकडून एकजण म्हणाला, मी रात्री दोनदा उठून दाराची कडी बघतो. आणखी एकजण म्हणाला, मला गर्दीत घाम फुटतो, जत्रेला जात नाही, पायाचं निमित्त सांगतो. मग मीही उठलो आणि वडगावचं सांगितलं. माझी बायको बायकांत बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! आन् मी समजत हुते माझा सैपाक वाईट हाय!" त्यावर जो हशा उठला तो पार डेअरीपर्यंत ऐकू गेला असेल.

"मग रोज सकाळी सब ठीक, सब ठीक म्हणत हुतासा, त्ये काय?" आण्णानं दरडावून विचारलं.

"तुमचा हुकूम हुता, साब!" सगळे एका सुरात.

आण्णाच्या मिश्या थरथरल्या. मग तोही हसला, आणि पुष्कळ वेळ हसत राहिला. मी त्याला इतकं मोकळं हसताना त्याआधी फक्त गोठ्यात बघितलं होतं.

"हवालदार काका, आता तुमची पाळी," ब्राह्मी म्हणाली. "तुमचा बडी कसा आहे?"

"बरी हाय की."

"झोप कशी आहे तिची?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडं रिपोर्ट नव्हता. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून त्यानं मला सांगितलं, वैनीला विचारलं म्हणून. "म्हणाली, एक हात तुमच्या पाठीवर ठिऊनच झोपते. दचकलासा की मला कळतंय. आयला नाग्या, हिची ड्यूटी आजपातूर बदललीच न्हाय रं." त्या दिवसापासून दुपारी वैनीनं जरा आडवं व्हायचं आणि म्हशीचं ह्यानं बघायचं असा नवा नियम निघाला. दुपारी वैनी घोरते, हा रिपोर्टही आण्णानं ॲपवर पाठवला. वैनी दोन दिवस बोलली नाही.

आण्णाच्या फोनवरचं कुलूप उघडलं. व्यायाम सुरू झाले. पण लग्न पुढं उभंच होतं, आणि निपाणीवाल्यांची फटाक्यांची हौस सगळ्या मुलखाला माहीत. नवऱ्या मुलाचा मामा युवराज खास त्या खात्यावर. बस्ता बांधायला मंडळी आली तेव्हा तो सांगत होता की माळ एवढी मोठी आणणार, एवढी मोठी आणणार, की खानापुरात ऐकू जाईल. आण्णा कपाळावरचा घाम पुसत "व्वा, व्वा" म्हणत होता. वैनीनं साड्या बाजूला सारल्या आणि सगळं सांगून टाकलं. पाहुण्यांपुढं, एका दमात.

युवराजमामा, एवढा मोठा गडी, मांडीवरचा टॉवेल पिळायला लागला. "मग फटाकं नकोतच," म्हणाला. "म्हाईत असतं तर बोललोच नसतो, पावणं."

"न्हाय न्हाय," आण्णा घाईनं म्हणाला. "फटाकं पायजेत. माझ्या पोरीचं लगीन हाय, मुक्यानं लावायचं व्हय? फक्त कवा वाजणार ते मला कळाय पायजे. अचानक नको."

मामाचा चेहरा खुलला. "मग हुकूमच तुमचा! तुमी मांडवातनं हात वर करायचा. हात वर झाल्याबिगर काडी लावली तर युवराज नाव सांगणार न्हाय."

मग माघापर्यंत आमच्या गावच्या माळावर रोज संध्याकाळी सराव. आण्णा मधोमध उभा, पाठीवर वैनीचा हात. शामू लांब लवंगी घेऊन उकिडवा. मी पाण्याची बादली घेऊन, कारण फायरवाल्यानं फटाक्याजवळ बादलीशिवाय उभं राहणं म्हणजे लाजच. श्वास घ्यायचा, धरायचा, सोडायचा. मग आण्णा हात वर करायचा. फट! पहिल्या दिवशी तो खालीच बसला. वैनी त्याच्याबरोबर खाली बसली, त्याच्याबरोबर उठली. पुढं पुढं नुसता खांदा उडायचा. लवंगीवरून आम्ही लाल माळेवर आलो. त्या दिवशी गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं आणि दोन दिवस दूध चोरलं. वैनीनं ॲपवर ब्राह्मीला तक्रार केली, म्हशीला पण बडी पाहिजे म्हणून.

लग्नाचा दिवस उजाडला. दारात मांडव, खानापूरचा बँड, मागं आचारी, सगळं जागच्या जागी. ब्राह्मीही आली होती, जरीची साडी नेसून. आण्णाचा फेटा मीच बांधला. हात थंड होते त्याचे, पण हसत होता.

आणि वरात वेशीत शिरताना घोळ झाला. युवराजमामा बिचारा आपली मोठी माळ मांडवाच्या दाराशी पसरत होता. नवऱ्या मुलाच्या मित्रांना हुकुमाचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशातले सुतळी बॉम्ब काढले आणि बँडच्या पुढं एकामागून एक लावून दिले.

मामा शिव्या देत धावला. पण मी आण्णाला शोधलं तर आण्णा नाही.

मागं गेलो. भाताचा हंडा, वाफ, आणि उलथनं घट्ट धरून उभा असलेला माझा आण्णा. चेहरा पांढरा. "भात करपंल, नाग्या," म्हणाला. पुढं बँड थांबला, भटजी खाकरले. अंतरपाट धरायची तयारी चालली होती. एरवी मी ओरडलो असतो, त्या पोरांवर, आचाऱ्यावर, कुणावरही. त्या दिवशी मला फक्त रडू येत होतं. मी तसाच पळत जाऊन वैनीला सांगितलं.

मुलीच्या आईनं अक्षता बघू नयेत, घरात बसावं, अशी एक रीत म्हाताऱ्या बायका सांगत होत्या. वैनी त्यांना ओलांडून, नव्या इरकली साडीचा काठ सावरत थेट चुलीपाशी आली.

"पोस्ट सोडून आलासा व्हय?"

"मालू, पाय हलंनात," आण्णा म्हणाला. त्याच्या तोंडून असा रिपोर्ट मी पहिल्यांदा ऐकला. खरा, जसाच्या तसा.

वैनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नसू देत हलत. घ्या श्वास." त्यानं घेतला. "धरा." धरला. "सोडा." शेजारी आचारीही श्वास घ्यायला लागला. मीही घेतला. त्या धुरात आम्ही चौघांनी कितीदा श्वास घेतला कोण जाणे. मग आण्णाच्या हाताची पकड सुटली. उलथनं त्यानं आचाऱ्याच्या हातात दिलं.

"आन् भात?"

"करपू दे," वैनी म्हणाली.

तो मांडवात आला, तिच्या पुढं एक पाऊल, पाठीवर तिचा हात. अंतरपाटापलीकडून सौम्यानं बापाला बघितलं आणि मुंडावळ्यांच्या आड तिचं तोंड फुललं. मंगलाष्टकं सुरू झाली. आण्णा दर कडव्याला अक्षता टाकत होता, नेम धरून, पोरीच्याच डोक्यावर. जावयावर एक दाणा पडत नव्हता. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू.

शेवटचं कडवं झालं. अंतरपाट निघाला. माळा घालून झाल्या. आणि मांडव शांत. बँडवाले थांबले, कारण मामानं त्यांनाही तंबी दिली होती, हवालदारांचा हात वर झाल्याशिवाय कुणी वाजवायचं नाही. दाराशी मामा पेटती उदबत्ती घेऊन वाकलेला, मान वर करून आण्णाकडं बघतोय. मी बादली घेऊन आण्णाकडं बघतोय. सगळं गाव आण्णाकडं बघतंय. आणि आण्णा पोरीकडं बघतोय.

फटाके तो साफ विसरला होता.

"पप्पा," सौम्या हसून म्हणाली, "हात!"

"आं? हां हां!" आण्णानं मूठ वर केली. मुठीत अजून अक्षता होत्या, त्या त्याच्याच फेट्यावर सांडल्या. आणि माळ लागली. काय लागली म्हणता! मांडवाचं कापड थरथरलं. मी डोळे आण्णावरून हलवले नाहीत. तो दचकला. खोटं कशाला सांगू, चांगलाच दचकला. खांदे वर गेले, डोळे मिटले. पण जागचा हलला नाही. श्वास घेतला, धरला, सोडला. माळ संपेपर्यंत वैनीचा हात पाठीवर होता आणि माळ संपल्यावरही तिनं तो काढला नाही.

पंगतीला बसायच्या आधी दोघांचे फोन वाजले, सकाळी लग्नघाईत दाबायचं राहिलं होतं. 'आज तुमचा बडी कसा आहे?' पोरगी सासरी निघणार म्हणून वैनीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. आण्णानं तिच्याकडं नीट बघितलं आणि शेवटच्या, ढसाढसा रडणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. वैनीनं पदरानं डोळे पुसले, त्याच्याकडं बघितलं आणि पहिला दाबला.

"मालू, रिपोर्ट खरा द्यायचा असतो," आण्णा म्हणाला.

"खराच हाय," ती म्हणाली. पंगतीत बसलेल्या ब्राह्मीचा फोन वाजला. तिनं बघितला आणि नाक पुसलं.

मग भात आला. करपलेला. आचारी शेवटी अक्षता बघायला पुढं आला होता, आणि आमच्या गावचा लग्नातला भात इतक्या वर्षांत पहिल्यांदा हंड्याला लागला होता. वाढपी माझ्यापुढं येऊन अडखळला, माझं त्याला माहीत होतं. माझी बायको पलीकडच्या पंगतीतून माझ्याकडं बघत होती. वास माझ्या नाकात शिरला, वडगाव एकदा आठवलं. मी श्वास घेतला, धरला, सोडला.

"वाढ रं," म्हणालो, "खालची खरपुडी असली तर ती पण वाढ."